ज्ञानचंदशेठची मुलगी काय काम करते

रिसोडच्या धान्यबाजाराच्या तोंडाशी ज्ञानचंदशेठचं बारदान्याचं दुकान आहे. बारदाना म्हणजे रिकामी पोती. त्यांच्या जोडीला सुतळी, ताडपत्री, चाळण्या. सोयाबीन निघायच्या दिवसांत तिथं एवढी गर्दी होते, की शेठला स्वतःच्या गादीवर बसायला जागा मागावी लागते. माणूस साठी ओलांडलेला, सडपातळ आणि बोलायला जरा तुसडा. पण फाटकं पोतं चुकून चांगल्यांत गेलं, तर हाच तुसडा माणूस मोटरसायकल काढून गिऱ्हाइकाच्या गावी जायचा आणि पोतं बदलून देऊन यायचा. त्यांच्या शब्दाची बाजारात कोणी खातरजमा करत नसे.

अशा माणसाच्या तोंडून जन्मात एक खोटं निघालं, आणि ते निघालं स्वतःच्या लेकीबद्दल.

लेकीचं नाव त्रिशला. शाळेपासून हुशार, अमरावतीला प्राणिशास्त्र शिकली. पुढं शिकायला कोकणात, समुद्राकाठच्या एका विद्यापीठात जाते म्हणाली, तेव्हाही शेठनी हरकत घेतली नाही. शिकणारी पोर आहे, चार बुकं जास्त वाचेल, एवढंच त्यांच्या मनात. पण शिकून झाल्यावर ती तिथंच राहिली. विद्यापीठाचं एक किनारा अभ्यास केंद्र होतं, त्यात लागली. खाडीचं पाणी तपासायचं, कोणता मासा कोणत्या महिन्यात अंडी घालतो ते शोधायचं, आणि जे कळलं ते कोळीवाड्यात जाऊन सांगायचं, हे तिचं काम.

केंद्राचे प्रमुख डॉक्टर अमरदीप मोठे हट्टी गृहस्थ होते. आपण शोधलेलं कोळणीच्या ओट्यावर बसून तिला पटेल असं सांगता आलं नाही, तर आपल्याला ते कळलंच नाही असं समजा, असं ते केंद्रातल्या पोरांना बजावायचे. त्यामुळं त्रिशलाचे निम्मे दिवस प्रयोगशाळेत जायचे आणि निम्मे मासळीच्या टोपल्यांमध्ये. हे सगळं ती फोनवर घरी मोकळेपणानं सांगायची. तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं.

शेठला वाटलं. त्यांचं घर जैन. घरात कांदा, लसूण, बटाटा येत नाही, दिवस बुडाल्यावर कोणी जेवत नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांत पालेभाजी चिरली जात नाही, न जाणो पानामागं एखादा जीव असायचा. त्या घरची मुलगी मासळीबाजारात उभी राहून सुरमईची लांबी मोजते, हे कोणाला आणि कसं सांगायचं? मंदिरात एकदा कोणीतरी सहज विचारलं, की शेठ, त्रिशला हल्ली काय करते. शेठ तिथले विश्वस्त, चारचौघं ऐकत उभे. ते म्हणाले, "पानीपुरवठ्यात हाये. मोठी साहेब हाये."

आता ज्या तालुक्यात उन्हाळा लागला की लोक टँकरच्या वाटेकडं डोळे लावून बसतात, तिथं पाणीपुरवठ्यातली साहेब म्हणजे काय, हे शेठच्या ध्यानात यायला हवं होतं. महिन्याभरात दुकानावर वर्दळ वाढली, आणि ती पोत्यांसाठी नव्हती. कोणाला नळ हवा होता, कोणाच्या विहिरीचं प्रकरण अडलं होतं. लोक बसायचे, शेठच्याच पैशांचा चहा प्यायचे आणि जाताना म्हणायचे, तेवढं पोरीच्या कानावर घाला. शेठ मान हलवायचे. सरपंच जगदेव तर आठवड्याला यायचा. त्याच्या गावात टाकी व्हायची होती, आणि ती त्रिशलामॅडमच्या एका सहीवर अडली आहे, अशी त्यानं आपल्या मनाशी खूणगाठ बांधली होती. अशी सात-आठ वर्षं गेली. खोटं जुनं झालं, की माणसाला ते घरातल्या सामानासारखं वाटायला लागतं. रोज अडखळतो, पण उचलून बाहेर ठेवत नाही.

यंदा दिवाळीनंतर त्रिशलाचा फोन आला. अमरदीप सर निवृत्त होणार होते आणि विद्यापीठानं केंद्राची प्रमुख म्हणून तिला नेमलं होतं. शेठच्या बायकोनं, राजमतीबाईंनी, देवापुढं साखर ठेवली. शेठनाही आनंद झाला, नाही असं नाही. पण पोरीचं पुढचं वाक्य ऐकलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. केंद्राचं काम आजवर किनाऱ्यापुरतं राहिलं, आता ते समुद्र न पाहिलेल्या गावांत न्यायचं असं तिनं ठरवलं होतं, आणि पहिला कार्यक्रम रिसोडला घ्यायचा होता. शाळेचं सभागृह मिळालं होतं. माशांचे तक्ते, जाळी, शंख, सगळं घेऊन ती आणि अमरदीप सर येणार होते.

शेठनी जमेल तेवढे हातपाय हलवून पाहिले. वाशीमला सभागृह मोठं आहे म्हणाले. तिथं रेल्वे स्टेशन आहे, सामान नेआण सोपी पडेल म्हणाले. इथली मुलं वांड आहेत, काचेच्या बरण्या फोडतील, असंही म्हणाले. त्रिशला शांतपणे ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "नाही पप्पा, रिसोडलेच घेऊ." दुसरीकडं जगदेवला कुणकुण लागली, की पाणीपुरवठ्याच्या मॅडम येऊन राहिल्या. त्यानं आजूबाजूच्या गावांत निरोप धाडले. शेठनी त्याला अडवलं नाही. अडवायचं तर खरं सांगावं लागलं असतं.

राजमतीबाईंना सगळं ठाऊक होतं. त्या फारसं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या, पण एका दुपारी गहू निवडता निवडता त्यांनी विषय काढलाच.

"लोकं तिले टाकीचं इचारतीन," त्या म्हणाल्या. "तवा तिले काय वाटन, याचा इचार केला का तुमी?"

शेठ म्हणाले, पाहू. त्या म्हणाल्या, पाहायचं काय त्यात, पोरीला कळेल की बापाला आपली लाज वाटते, एवढंच. शेठ उठून दुकानात गेले. त्या दिवशी त्यांनी दोन गिऱ्हाइकांना उगाच झापलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्रिशला आली. वाशीमला उतरून, तिथून भाड्याच्या जीपमध्ये सामान भरून. केस थोडे पांढरे झालेले, चेहरा उन्हानं रापलेला, पण हसणं तेच. सोबत अमरदीप सर, उंच आणि वाकलेले. सगळ्या सामानाला ते हमालासारखे हात लावत होते. शेठनी त्यांना जपून नमस्कार केला. मासे कापणारा माणूस म्हणून त्यांच्या मनात एक आडदांड आकृती होती, आणि समोर उभा होता तो शाळामास्तरासारखा साधा माणूस.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजमतीबाई घरामागच्या आडावर पाणी भरत होत्या. गावाला नळ आले तरी स्वयंपाकाचं पाणी त्यांना आडाचंच लागतं, आणि ते दुहेरी कापडातून गाळलेलं. गाळून झालं, की कापड गाळलेल्या पाण्यानंच हलक्या हातानं धुवायचं, आणि ते धुवण बादलीतून पुन्हा त्याच आडात अलगद सोडायचं. त्याला जिवाणी म्हणतात. कापडात जे जीव अडकले असतील ते ज्या पाण्यातले त्याच पाण्यात परत जायला हवेत, दुसऱ्या पाण्यात ते जगत नाहीत, असं सांगणं आहे. राजमतीबाई सासूकडून शिकल्या, सासू तिच्या सासूकडून.

त्रिशलानं जीपमधून एक सूक्ष्मदर्शक आणून ओसरीतल्या टेबलावर ठेवला. आईच्या हातातल्या बादलीतलं थोडं धुवण मागून घेतलं, त्याचा एक थेंब काचेवर टाकला आणि हाक मारली, "पप्पा, इकडं या."

शेठ दुकानाची किल्ली हातात घेऊन निघाले होते. थोडे कुरकुरत आले, चष्मा वर केला आणि डोळा लावला. आधी नुसता उजेड दिसला. मग त्यात एक काहीतरी उडी मारून गेलं. काचेसारखं अंग, डोक्यात एक काळा ठिपका, तो डोळा असावा. बाजूला फांद्यांसारखे दोन हात, ते मारत मारत ते पुढं जात होतं. त्याच्या पोटात काहीतरी हलत होतं, सारखं, न थांबता. त्रिशला म्हणाली, ते त्याचं हृदय. शेठनी डोळा काढला नाही. लहानपणापासून ते गाळल्याशिवाय पाणी प्यायले नव्हते. प्रवासात तहानेनं जीव गेला तरी नाही. ज्यांच्यासाठी हे सगळं केलं, ते आयुष्यात एकदाही दिसले नव्हते. नियम होता म्हणून पाळला. आज ते समोर जिवंत होते.

"हे सारे," त्यांनी विचारलं, "आजवर हेच होते का?"

हेच होते, त्रिशला म्हणाली. तिनं काचेवरचा थेंबसुद्धा बादलीत झटकला आणि बादली स्वतः आडात सोडली.

अमरदीप सर चहाचा कप घेऊन हे पाहत होते. ते हसले आणि त्यांनी शेठना एक गोष्ट सांगितली. केंद्रात आल्या आल्या ही मुलगी त्यांच्याशी भांडली होती. बारीक जाळीनं खाडीचं पाणी गाळायचं, त्यातले जीव मोजायचे आणि उरलेलं मोरीत ओतून द्यायचं, अशी पद्धत. हिनं ओतू दिलं नाही. ज्या खाडीचं आहे त्याच खाडीत परत जाईल म्हणाली, आणि भर उन्हात कॅन घेऊन चालत निघाली. सगळे हसले. पुढं तोच केंद्राचा नियम झाला, आता नवी पोरं कुरकुरत का होईना पण पाळतात. सरांना वाटलं होतं ही हिचीच कल्पना. आज इथं येऊन कळलं कुठून आली ती.

शेठला बरं वाटलं. इतकं बरं, की त्यांनी आशेनं विचारलं, म्हणजे तुम्ही लोक जीव मारत नाही तर. अमरदीप सरांनी त्रिशलाकडं पाहिलं.

"मारतो, पप्पा," ती म्हणाली. "काही नमुने औषधात ठेवा लागतात, ते मरतात. जेवढे लागतात तेवढेच घेतो, पण मरतात. तुमाले खोटं नाही सांगनार."

शेवटचं वाक्य तिनं सहज म्हटलं, पण शेठच्या वर्मी लागलं. हीच वेळ होती. बायको समोर होती, पोर समोर होती, दुसरं परकं कोणी नव्हतं म्हटलं तरी चालेल. सांगून टाकायचं आणि मोकळं व्हायचं. पण शेठनी किल्ली उचलली आणि दुकान उघडायला गेले.

दुपारी सभागृह खचाखच भरलं. पुढं शाळेची मुलं, त्यांच्यामागं शिक्षक आणि मंदिरातली मंडळी, आणि भिंतीला लागून जगदेव आणि त्यानं आणलेले लोक. शेठला आयोजकांनी पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. त्यांना शेवटची हवी होती. टेबलावर शंख मांडलेले, एका बाजूला दोन जाळी लटकवलेली, एकाची वीण बारीक, दुसऱ्याची मोठी. मागं माशांचा रंगीत तक्ता.

अमरदीप सरांनी थोडक्यात ओळख करून दिली. मी जाणार, आता केंद्र यांचं, आणि मी यांच्या हाताखालचा स्वयंसेवक, असं म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्रिशला बोलायला उभी राहिली, तेवढ्यात जगदेवही उभा राहिला.

"मॅडम, मी जगदेव," तो म्हणाला. "मांगच्या वर्षी मी फोन केला होता ना तुमाले. तुमी म्हनलं तसा वाशीमच्या हापिसात गेलो, पाइपलायनीचं काम झालं. आता टाकीचं तेवढं मनावर घ्या. तुमचं खातं मोठं हाये, शेठ आमाले नेहमी सांगतात."

आता पोर गोंधळेल, कसलं खातं म्हणेल, आणि सगळं उघडं पडेल, असं वाटून शेठ पायांकडं बघत राहिले. पण त्रिशला गोंधळली नाही.

"टाकी माह्या हातात नाही, जगदेवभाऊ," ती म्हणाली. "पन कोनाले भेटाचं ते मी कार्यक्रम झाल्यावर सांगतो."

एवढंच. खातं कोणतं, हे ती बोललीच नाही. तिनं बापाकडं पाहिलंसुद्धा नाही. मागं वळून तिनं माशांचा तक्ता उतरवला, त्याची गुंडाळी केली आणि टेबलाखाली ठेवली. दोन्ही जाळी काढून घडी घातली. त्यांच्या जागी नद्यांचा नकाशा लावला. अमरदीप सर चमकून तिच्याकडं पाहायला लागले.

शेठला तेव्हा सगळं कळलं. जगदेवनं फोन केला होता. मागच्या वर्षी. म्हणजे तिला माहीत होतं. लोकांचे फोन तिच्याकडं जात होते, आणि ती त्यांना पत्ते शोधून देत होती, कामं करून देत होती. आपलं खोटं ती इतक्या लांबून सांभाळत बसली होती. आणि आज, प्रमुख म्हणून पहिल्यांदा उभी राहिली त्या दिवशी, बापाची अब्रू राहावी म्हणून ती स्वतःचं काम टेबलाखाली लपवत होती. ते सकाळचं 'तुमाले खोटं नाही सांगनार' त्यांना आठवलं. लाज त्यांना आजवर पुष्कळदा वाटली होती, पण ती चुकीच्या माणसाची वाटत होती.

ते उठले. सभागृहाला वाटलं, शेठ बाहेर चालले. ते टेबलाजवळ गेले, खाली वाकले, गुंडाळी काढली आणि हातात धरून लोकांकडं तोंड केलं.

"एक सांगाचं होतं," ते म्हणाले. "हे माही पोरगी. हे पानीपुरवठ्यात नाही. कधीच नव्हती. समुद्रातल्या मासोळ्यायचा अभ्यास करते, कोळ्यायच्या गावात जाऊन त्यायले शिकवते. अन् त्या सगळ्या केंद्राची आता मुख्य हाये. पानीपुरवठा मी सांगतला होता. मले लाज वाटे म्हनून. चूक माही हाये, तिची नाही."

गुंडाळी अमरदीप सरांच्या हातात देऊन ते जागेवर येऊन बसले. मंदिरातली मंडळी एकमेकांकडं पाहायला लागली. शेवटी मागून जगदेवचाच आवाज आला.

"म्हन्जे मी सात वर्सं फुकट चहा पेलो म्हना," तो म्हणाला, आणि सभागृह हसलं. मुलं सगळ्यांत जोरात हसली. जगदेवनंच पुढं विचारलं, "पन मॅडम, टाकी राहू द्या. आमच्या गावचं पानी समुद्राले जाते का?"

मग त्रिशला बोलायला लागली, आणि काय बोलली. नकाशावर बोट ठेवून तिनं दाखवलं, की रिसोडकडचं पाणी पैनगंगेतून वर्धेला, पुढं प्राणहिता आणि गोदावरीतून पूर्वेच्या समुद्राला जातं, आणि याच जिल्ह्यात काटेपूर्णेत पडलेलं पाणी तापीतून पश्चिमेच्या समुद्राला. एक जिल्हा आणि दोन समुद्र, हे तिथं कोणालाच ठाऊक नव्हतं, मास्तरांनाही नाही. मग तक्ता पुन्हा लागला, जाळी लटकली. बारीक विणीच्या जाळ्यात पिल्लं अडकतात, मोठ्या विणीतून ती सुटतात आणि वाढून अंडी घालतात, हे कोळ्यांना पटवायला तिला किती वर्षं लागली, पहिल्यांदा एका म्हातारीनं तिला टोपली उगारून कसं हाकललं होतं, हे तिनं रंगवून सांगितलं. शेठनी बसल्या जागेवरून त्या जाळ्याची वीण निरखली. पोत्याच्या माणसाला वीण कळते. पोर काय सांगत होती ते त्यांना अगदी बरोबर समजलं.

सगळेच खूश झाले असं नाही. मंदिरातले दोघं-तिघं शेठशी न बोलताच निघून गेले. शेठनी त्यांना जाताना पाहिलं आणि जाऊ दिलं.

अमरदीप सरांना शिक्षकांनी चहाला ओढून नेलं, म्हणून दिवस असताच जेवायला बसले ते घरचेच. मग शेठनी खाली मान घालून विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं. पहिल्या वर्षीच, ती म्हणाली. शाळेतल्या मैत्रिणींकडून नंबर घेऊन लोकांचे फोन यायला लागले, तेव्हा.

"मंग काहून नाही बोलली मले?"

"मी बोलली असती तं तुमी पानीपुरवठ्याचं सोडून नुसते चूप बसले असते, पप्पा," त्रिशला म्हणाली. "मले तं तुमच्या तोंडून आयकाचं होतं, का हे माही पोरगी हाये अन् हे असं काम करते. म्हनून रिसोड म्हनलं. तरी जगदेवभाऊ उभे राह्यले अन् माहीच हिंमत गेली." तिनं भाकरीचा तुकडा मोडला. "मुख्य केल्याचं पत्र आलं, सगळ्यायनं हार घातले, तवा काही वाटलं नाही. आज वाटलं."

शेठच्या हातातला घास हातातच राहिला. डोळे भरून आले, ते त्यांनी डाव्या मनगटानं पुसले. राजमतीबाईंनी दोघांकडं पाहिलं, बाहेर उतरलेल्या उन्हाकडं पाहिलं, आणि म्हणाल्या, दिवस बुडायला आला, आधी जेवून घ्या. दोघांनी निमूटपणे जेवून घेतलं.